सत्यमचा कोपरा

३० नोव्हेंबर, रविवार

हरलो! हातात आलेली मॅच घालवली, आणि घालवली कुणी — आमच्याच सत्यमनं. शेवटचं मिनिट, एका गुणानं पुढं, बॉल आपल्याकडं. चार पास करून वेळ काढला असता तरी चाललं असतं. पण नाही! कोपऱ्यात बॉल मिळाला, दोन माणसं अंगावर, आणि साहेबांनी टाकला. रिंगेला शिवलासुद्धा नाही. सिडकोवाल्यांनी तोच बॉल उचलला, धावत गेले, दोन गुण. झालं.

मॅच संपल्यावर आमचा कट्टा तापला. कट्टा म्हणजे हर्सूलच्या मैदानावर अलीकडच्या बास्केटमागच्या तीन पायऱ्या आणि आम्ही तीन रिटायर माणसं. एसटीचा ड्रायव्हर काकासाहेब, पोस्टमन पुंडलिक आणि मी. काकासाहेब म्हणतो, "पहिल्या हाफमधी सोळा पॉइंट कुणी केले? त्याच पोरानं ना? लहरी हाय, पण हुन्नर हाय!" मी म्हटलं, आणि डिफेन्स? हात वर करून नुसता उभा राहतो, एसटीला हात दाखवल्यासारखा. एक बॉल कधी हिसकावला नाही. पुंडलिक दोघांचंही ऐकून घेतो आणि शेंगा खातो.

घसा पार बसलाय. द्वारका आल्याचा चहा देताना म्हणाली, "खेळतेत ती पोरं, घसा जातोय तुमचा."

१ डिसेंबर, सोमवार

पैज लागली. साखळीतल्या दोन मॅच अजून बाकी आहेत, फायनल गाठता येते. काकासाहेबाचं म्हणणं, "सत्यमच बास्केट मारून फायनल जिंकवणार." माझं म्हणणं, सत्यमच वाट्टेल तिथून बॉल टाकून फायनल घालवणार. हरेल त्यानं मिशा उतरवायच्या! पुंडलिक पंच. त्यानं दोघांकडून दोनदा वदवून घेतलं आणि खिशातल्या पोस्टकार्डाच्या पाठीवर लिहून ठेवलं. रिटायर होऊन सात वर्षं झाली, खिशात पोस्टकार्ड असतंच.

माझ्या मिशा लग्नाच्या फोटोत आहेत. द्वारकेनं मला बिनमिशांचं कधी पाहिलेलंच नाही. पैजेचं तिला सांगितलेलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

औरंगपुऱ्यातून ट्रेसिंग पेपरचा रोल आणला. दुकानदार विचारतो, "बंगला बांधता का तात्या?"

७ डिसेंबर, रविवार

छत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात ट्रेसर होतो. कालवे, चाऱ्या, धरणाच्या भिंती, सगळं या हातानं उतरवलंय. काकासाहेबाला तोंडानं पटत नाही ना, मग कागदावर दाखवतो! कोर्ट मापात काढलं. सत्यमनं जिथून टाकला तिथं काळ्या शाईची खूण. आत गेला तर टिंब, चुकला तर फुली. समोरची टीम लाल शाईत. त्यांची खरं तर गरज नव्हती, पण अर्धवट नकाशा माझ्या हातून होत नाही.

मॅच जिंकलो. सत्यम पहिल्या हाफमध्ये नुसता वाया. दुसऱ्या हाफमध्ये अंगात आल्यासारखा! काकासाहेब म्हणाला, "डिझेल इंजिन हाय, गरम व्हायला टाइम लागतोय." मी म्हटलं, मागच्या रविवारी उलटं होतं की! तेव्हा पहिला हाफ चांगला आणि दुसरा वाया. त्यावर पुंडलिक म्हणाला की मधल्या वेळेत पोरगा चहा पितो का ते बघायला पाहिजे. अर्धा तास चहावर वाद. चहा पितो असं ठरलं, पण त्यानं बिघडतो की सुधरतो ते ठरलं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

घसा. हळद-दूध. द्वारका: "उद्यापासून मफलर तोंडावर बांधत जावा."

१४ डिसेंबर, रविवार

पुन्हा जिंकलो, कसंबसं. सेमीफायनल पक्की. सत्यम पहिल्या हाफला सोनं, दुसऱ्या हाफला माती. काकासाहेबाचा आता बुटांवर संशय आहे.

घरी येऊन दोन्ही मॅचचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. वा! पलीकडच्या बास्केटवर सोळा टाकलेत, अकरा आत. अलीकडच्या, म्हणजे कट्ट्यासमोरच्या बास्केटवर एकवीस टाकलेत — आत तीन! आणि फुल्या सगळ्या एकाच कोपऱ्यात, गुळाला मुंग्या लागाव्यात तशा. हाफटाइमला बाजू बदलतात, म्हणून एक हाफ सोनं आणि एक हाफ माती. चहा नाही, बूट नाहीत, इंजिन नाही. या बास्केटसमोर पोराचं डोकंच चालत नाही! काकासाहेबाच्या मिशा गेल्यातच जमा.

१६ डिसेंबर, मंगळवार

मोनिका मॅडम आमच्या पोरांना शिकवतात. शाळेत खेळाच्या बाई आहेत, आवाज असा की पलीकडच्या जेलमध्ये ऐकू जावा. आज सरावाच्या वेळी त्यांनी माझे कागद पाहिले. एकेक कागद उजेडाकडं धरून बघितला. मग म्हणाल्या, "तात्या, याचा फोटो काढू का?" छाती फुगली माझी! खात्यात छत्तीस वर्षांत कुणी माझ्या ड्रॉइंगचा फोटो काढला नव्हता.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सेमीफायनलला सत्यम बाहेर बसणार. माझ्या नकाशामुळं. काकासाहेब माझ्याशी बोलत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

एका गुणानं जिंकलो. फायनलला गेलो. सगळे नाचले. सत्यम खांद्यावर टॉवेल टाकून बाकावर बसून होता, तोही टाळ्या वाजवत होता. मी नकाशा काढला, पण लाल शाईच जास्त लागली. समोरच्यांनी फार बास्केट मारले आज. काळी शाई उघडलीच नाही.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

कुकरची रिंग आणायला औरंगपुऱ्यात गेलो होतो. खोटं कशाला लिहू, कुकरची रिंग चांगली होती. सत्यम तिथं भांड्यांच्या दुकानात कामाला आहे, म्हणून गेलो. सहा फूट दोन इंच! वरच्या फळीवरचे डबे स्टूल न घेता काढतो. मला पाहून गल्ल्यामागून बाहेर आला आणि पाया पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विचारलं, बाबा रे, त्या कोपऱ्यातून टाकतोस कशाला? पलीकडं तर शहाण्यासारखा खेळतोस.

तो गोंधळला. म्हणाला, "तुम्हीच तर म्हणता, टाक म्हणून."

मी म्हटलं, कोण आम्ही?

"तुम्ही तिघं. माझ्याकडं बॉल आला की वरडता ना, टाक रे सत्यम, टाक! मॅडम म्हणतात पास दे. पण मॅडम पलीकडल्या साइडला. तुम्ही पाठीशीच बसलेले, वयानं मोठे. वडीलधाऱ्यांनी सांगितल्यावर नाय कसं म्हणायचं तात्या? आमच्या देवगाव रंगारीत तसं नसतंय."

मी रिंग घेतली. पैसे दिले. सुटे परत घ्यायचे विसरलो, तो मागं धावत आला. तेव्हा सहज म्हणाला की फायनलला जिल्ह्याच्या टीमसाठी निवड करणारे येणार आहेत. वडिलांनी सांगून ठेवलंय, निवड झाली तर शहरात रहा, नाहीतर संक्रांतीला घरी ये, म्हशी सांभाळायला. "म्हशींना पण डिफेन्स लागतोच," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. बाकावर बसलेल्याची निवड कोण करतं?

आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा कोण? मीच! दर रविवारी बसणारा घसा कुणाचा? काकासाहेबाला "टाकू देऊ नका त्याला" असं पटवायचं आणि बॉल आला की स्वतःच बेंबीच्या देठापासून "टाक!" साठीला आलेला माणूस मी. लाज वाटली.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी तिन्ही मॅचचे कागद फरशीवर पसरून बसलो होतो. काय शोधत होतो मलाच माहीत नाही. द्वारका शेजारी मेथी निवडत बसली होती. तिला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, ती तसं स्वतःच सांगते. एकदम म्हणाली, "अवो, हिथं लाल शाई संपली व्हती का?"

म्हटलं, कुठं?

तिनं मेथीच्या काडीनं दाखवलं. समोरची टीम जिथून बॉल टाकते ती बाजू, दोन्ही हाफमधली. लाल खुणा सगळीकडं, आणि डावा कोपरा कोरा. पहिल्या मॅचला कोरा. दुसऱ्या मॅचलाही जवळजवळ कोराच, अख्ख्या मॅचमध्ये दोन फुल्या. तिसऱ्या मॅचला तोच कोपरा लालेलाल.

मोनिका मॅडम डिफेन्सला प्रत्येकाला जागा वाटून देतात. डावा कोपरा सत्यमचा. तिसऱ्या मॅचला सत्यम बाकावर.

म्हणजे हात वर करून नुसता उभा राहतो म्हणून मी ज्याला हसलो, त्याच्यासमोरून कुणी टाकायलाच धजत नव्हतं! बॉल हिसकावायची वेळच येत नव्हती. जे झालं ते सगळं मी टिपलं, जे त्यानं होऊच दिलं नाही त्याची खूण कुठून येणार? छत्तीस वर्षं नकाशे काढले आणि कोरी जागा वाचायला मेथी निवडणारी बाई लागली.

द्वारकेला सगळं सांगितलं. पैजेसकट. मिशांचं ऐकून इतकी हसली की मेथी सांडली.

२४ डिसेंबर, बुधवार

मोनिका मॅडमच्या घरी गेलो. तिन्ही कागद पुढं ठेवले आणि आमचा "टाक रे"चा गुन्हा कबूल केला. कोऱ्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "मला वाटायचं, त्या कोपऱ्यातून कुणाला टाकायचंच नसतं," म्हणाल्या. मग एकदम बाईंचा आवाज लावला. "सत्यम खेळेल. पण एक अट. फायनलला कट्ट्यावरून एक शब्द आला तर तिघांना मैदानाबाहेर काढीन!"

तसाच काकासाहेबाकडं गेलो. पाच दिवसांनी बोललो. त्याला म्हटलं, पैज मी हरलो समज. तो म्हणाला, "नाय. फायनल होऊ दे. शब्द म्हंजे शब्द." बरा माणूस आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

पाव किलो खडीसाखर आणली. मोठे खडे बघून घेतले. ओरडावंसं वाटलं की एक तोंडात. पुंडलिकाला साखरेचा त्रास आहे, त्याच्यासाठी सुपारी.

२८ डिसेंबर, रविवार

जिंकलो! जिंकलो!! दोन गुणांनी!

औरंगपुऱ्याची टीम तगडी. त्यांचा एक सुयश म्हणून आहे, सेमीफायनलला एकट्यानं सत्तावीस केले होते. मॅडमनी सत्यमला सांगितलं, आज कोपरा सोड, सुयशला धर. चिकटला तो! सुयश डावीकडं तर हा डावीकडं, सुयश पाणी प्यायला गेला तर हा बाटलीपाशी. एकदाही बॉल हिसकावला नाही. नुसते हात वर. सुयश वैतागून स्वतःच्याच पोरांवर ओरडायला लागला. सहा गुण झाले त्याचे, अख्ख्या मॅचमध्ये सहा!

आणि आम्ही गप्प. दुसऱ्या हाफला आपण कट्ट्यासमोरच्या बास्केटवर, तरी गप्प. मी एका हातानं खुणा करत होतो, दुसऱ्या हातानं खडीसाखर. काय टिपलं ते टिपतानाही कळत नव्हतं. एकदा काकासाहेबाच्या तोंडातून "टा—" निघाला, पुंडलिकानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. शेवटचे चाळीस सेकंद आम्ही तिघांनी एकमेकांचे हात धरले होते. शिट्टी वाजली तेव्हा माझी एक दाढ दुखत होती.

काकासाहेब मिठी मारून ओरडला, "सत्यमनं जिंकवलं! तात्या, मिशा!" मी म्हटलं, गेल्या. आनंदानं म्हटलं.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळी मॅडमचा फोन. सत्यमची जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाली!

कालचा कागद पक्का करायला घेतला आणि बघतच राहिलो. काळ्या शाईची एकही खूण नाही. टिंब नाही, फुली नाही. सत्यमनं काल एकदाही बॉल टाकलेला नाही! पुंडलिकाला बोलावलं. त्यानं पोस्टकार्ड काढून वाचलं. काकासाहेब: बास्केट मारून जिंकवणार. तात्या: वाट्टेल तिथून टाकून घालवणार. "दोघं बी हरले," म्हणाला.

अकरा वाजता औरंगपुऱ्यात मोतीरामच्या सलूनमध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर दोघांच्या मिशा उतरल्या. समोरच्या दुकानातून सत्यम पळत आला. त्यानं आधी काकासाहेबाला ओळखलं नाही, मग मला. विचारलं त्याला, काल एकदाही का नाही टाकलास रे?

म्हणाला, "कुणी टाक म्हणलंच नाय."

तोंडात खडीसाखर नव्हती, तरी आम्ही दोघं गप्प बसलो.