पेट्रोल खाणारं विरजण

उधना, सुरत

तीर्थरूप उखादाजींच्या पायी तुमच्या मेहुण्याचा, योगराजचा, नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि अक्काची म्हैस लाथा मारायची थांबली का, ते कळवा. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, फक्त पाण्याला पेट्रोलचा वास येतो. (घाबरू नका, काडी लावून बघितली, पेटत नाही.)

त्याचं असं झालं. गल्लीच्या तोंडाशी पेट्रोल पंप आहे, त्याची जमिनीतली टाकी गळली. हल्ली पेट्रोल चांगलं जळावं म्हणून त्यात कसलंसं औषध मिसळतात म्हणे. ते मुरत मुरत आमच्या डंकीत (म्हणजे तुमचा हापसा) उतरलं. गाड्यांचा धूर कमी झाला असेल बापडा, आमच्या चहाला मात्र गाडीची चव आली. आमच्या नूतनला बघायला दोंडाईच्याचे पाहुणे आले होते. एरवी पोरगी लांबच्या नळावरून हंडे वाहते, पण त्या दिवशी गडबडीत डंकीचं पाणी चहाला गेलं. मुलाच्या बापाने एक घोट घेऊन विचारलं, स्कूटर चुलीजवळ ठेवता का? कळवतो म्हणाले, ते अजून कळवताहेत. पोरीचा यात काय दोष?

शेवटी पंपवाल्याने बडोद्याचे एक सर आणले. ते म्हणाले, हे औषध खाणारे जंतू असतात, ते ड्रममध्ये हवा फुंकून वाढवू आणि मग डंकीशेजारी जमिनीत सोडू. आता प्लेगच्या सालानंतर सुरतेत जंतू हा शब्द तोंडातून काढायचा असतो का? शेजारचे हिलालभाऊ तर ट्रंक घेऊन स्टेशनाकडे निघालेसुद्धा! मग मी शहाणपणा केला. म्हटलं, जंतू कसले, विरजण समजा. गल्ली गार झाली. ड्रम आमच्याच मोरीशेजारी बसला आणि राखण माझ्या गळ्यात आली.

सर बडोद्याला, मी कारखान्यात मागावर. इकडे घरी आमच्या भागीरथीने झाकण उघडलं. वर फेस आणि आंबूस वास. ‘इरजण बिघडी गयं,’ म्हणाली, आणि बिघडल्या विरजणाचं कुठलीही घरंदाज बाई करेल तेच तिने केलं. सगळा ड्रम डंकीलगतच्या मोरीत ओतला, उकळत्या पाण्याने खळखळून धुतला, ताजं पाणी भरलं आणि घरात होतं नव्हतं ते दही त्यात घातलं. वर मी आल्यावर कौतुकाने दाखवलं! सरांनी हवा फुंकून जपलेली लेकरं मोरीत, आणि ड्रममध्ये पांचट ताक. मी कपाळाला हात लावून बसलो. (हिला वाटलं डोकं दुखतंय, बाम आणून दिला.) आता डंकी सुधारायची कशी आणि नूतनचं जमायचं कसं?

बाकी मागणं काही नाही, आठवण आली म्हणून लिहिलं.

आपला,
योगराज

ता. क. मागणं एवढंच, की रविवारी शिरपूरचे पाहुणे नूतनला बघायला येताहेत, तेव्हा तुम्हीही या. अमळनेरहून निघताना तुमच्या विहिरीचं पाणी दोन कॅन भरून आणा.

पुन्हा ता. क. पाणी राहू द्या. पत्र खिशातच राहिलं आणि काल सर आले. डंकीचं पाणी हुंगलं, तपासलं, खूश होऊन माझी पाठ थोपटली. हिने मोरीत ओतलेलं नेमकं हवं तिथेच मुरलं होतं. (ड्रममधल्या ताकाबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही.) तर पाण्याऐवजी अक्काकडून लोटाभर विरजण आणा. घरात थेंब उरला नाही, विकतचं हिला चालत नाही, आणि पाहुण्यांना कढी करायची आहे. मात्र एक सांभाळा. सर जाता जाता म्हणाले, दही लावतात तेही जंतूच. हे हिच्या कानावर जाऊ देऊ नका. नाहीतर तुमचा लोटा उकळत्या पाण्यात जाईल, कढीला फिनेलचा वास येईल, आणि शिरपूरवालेही कळवतच बसतील.