पाइपच्या तोंडावरचा मोजा

३ मार्च, सोमवार
उठलो. दाढी केली. हिची कोळंबीची काचेची टाकी साफ केली. ही जाऊन पाच आठवडे झाले, टाकीला कुणी हात लावला नव्हता. फिल्टरचा पाइप जिथून पाणी ओढतो, तिथे हिचा नायलॉनचा पायमोजा रबरबँडने बांधलेला सापडला. हिच्या वस्तू कुठेही असायच्या. मोजा धुतला, वाळवला, त्याच्या जोडीदारासोबत गुंडाळून हिच्या कपाटात ठेवला. आता ते कपाट उघडायचं काही कारण नाही.

५ मार्च, बुधवार
टाकीतल्या कोळंबीला पिल्लं झाली. तांदळाच्या कणीएवढी. एकवीस. लेकीला फोन केला, आवाज साधाच ठेवला. ती म्हणाली, बाबा, आईची टाकी मी घेऊन जाते, तुमच्या हाताखाली निवडुंगसुद्धा टिकला नाही. मी म्हटलं, निवडुंगाचं वय झालं होतं. शेवटी ठरलं की ती सोळाला येणार. पिल्लं जगलेली दिसली तर टाकी इथेच, नाहीतर तिच्याकडे.
मला टाकीचं तसं काही नाही. फक्त घरात दुसरा कसला आवाज नसतो.

७ मार्च, शुक्रवार
पिल्लं अकरा. बाकीची लपली असणार. हुशार जात आहे.

८ मार्च, शनिवार
एक पिल्लू माझ्यादेखत पाइपमध्ये गेलं. म्हणजे प्रश्न यांत्रिक आहे. बरंच झालं. एकतीस वर्षं कारखान्यात पंप तपासले, हा माझाच विषय.
तरी माशांच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार म्हणाला, काका, काकूंचा जुना नायलॉनचा मोजा लावा तोंडाला, सगळे तेच करतात. घरात तसला मोजा नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, शेजारणीकडे मात्र मागू नका. हसलो. मोजा हा काही इंजिनिअरिंगचा उपाय नव्हे.

९ मार्च, रविवार. सकाळी ९
चहाची गाळणी तारेने पक्की बसवली. काम फत्ते.
संध्याकाळी ५
गाळणीच्या भोकांतून पिल्लं आरामात ये-जा करतात. म्हणजे जा. ये नाही.
चहा न गाळताच प्यालो.

११ मार्च, मंगळवार
बारीक स्टीलची जाळी आणली. आधी कागदावर ड्रॉइंग काढलं, मग कापली. पिल्लं सात, सुखरूप. समस्या कायमची मिटल्याचं लेकीला कळवलं.

१२ मार्च, बुधवार
जाळी तुंबली. पंप कोरडा पडून किंचाळत होता. बंद केला. घर एकदम गप्प झालं. रेडिओ लावला. बंद केला. खिडकी उघडली. लावली. टाकीपाशी किती फेऱ्या झाल्या, लिहीत नाही.

१३ मार्च, गुरुवार
फिल्टर बंदच. पाणी गढूळ, पिल्लं वर येऊन काचेला चिकटलेली. स्ट्रॉने फुंकून हवा दिली, चाळीस मिनिटं. चक्कर आली. पद्धत बरोबर आहे, यंत्र जुनं आहे.

१४ मार्च, शुक्रवार
पिल्लं चार. लेकीचा फोन. म्हणाली, पाइपला आईचा मोजा असायचा, आहे ना तो? आहे म्हटलं. खोटं नाही बोललो. मग ती म्हणाली, जेवता ना वेळेवर? हो म्हटलं. हे मात्र खोटं.

१५ मार्च, शनिवार
पिल्लं तीन. फिल्टर लावला तर आत ओढली जाणार, नाही लावला तर गुदमरणार. नवे मोजे आणायला कपड्यांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, मिसेसची साइज काय? माहीत नव्हती. छत्तीस वर्षं. बघून येतो म्हणालो आणि घरी आलो. उद्या सकाळी अकराला लेक येणार.

१६ मार्च, रविवार. सकाळी ७
कपाट उघडलं. मोज्यांची गुंडाळी समोरच होती, मीच ठेवलेली. जोडी सोडवली. एक मोजा पाइपला चढवला, रबरबँड दोनदा फिरवून. फिल्टर लावला. घरघर सुरू झाली.
तिन्ही पिल्लं आहेत. एक तर मोज्यावरच चढून बसलं आहे, चरतं आहे.
दुसरा मोजा एकटा परत ठेवावा की कसं, ठरेना. हातातच राहिला. टाकीचं पाणी चष्म्यावर उडालं असावं, नीट दिसत नव्हतं. त्याच मोज्याने चष्मा पुसला.