शंकेला कोड नसतो

३ मार्च, सोमवार

शी! दिवसभर घाण उपसली, तीही दुसऱ्यांच्या अक्षरातली. बासष्ट फायली. डॉक्टरांनी वर लिहायचं, आम्ही खाली बसून प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड, म्हणजे सांकेतिक आकडा, लावायचा. दारूचा कोड एफ-दहा. आज नऊ वेळा लावला.

एका बड्या माणसाच्या फायलीवर लिहिलंय, "पाय घसरून पडले." रक्तात दारू किती होती तो रिपोर्ट शेवटच्या पानामागे उलटा टाचलेला! त्याच्या खालचीच फाईल एका हमालाची. तोही पडलेलाच, पण त्याच्यावर ठळक अक्षरांत "दारुडा". माणसाचा खिसा बघून आजार ठरवतात.

मला फसवणं सोपं नाही. दारुड्याचा वास मला कागदावरूनही येतो. बाबांनी चौदा वर्षं घालवून हे नाक तयार केलंय.

५ मार्च, बुधवार

खिडकीशी एक मुलगी आली, तिशीची असेल. आईचं यकृत संपत आलंय. ही आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार आहे, पण प्रत्यारोपणाच्या समितीने कागद परत पाठवले. कारण, जुन्या नोंदीत दारूचा गैरवापर.

"ताई, आई दारू पीत नाही हो," ती चिडून म्हणाली.

सगळ्यांच्याच आया पीत नाहीत, असं मनात म्हटलं. तिचं तोंड बंद करावं एवढ्यासाठीच फाईल उघडली.

पहिली नोंद अकरा वर्षांपूर्वीची, बाह्यरुग्ण विभागातली. त्यानंतर आठ वेळा दाखल झालीय. आठही वेळा तेच वाक्य, शब्दही बदललेला नाही – "दारूचा गैरवापर, पूर्वीपासून." किती पिता, कधीपासून पिता, हे एकाही डॉक्टरने विचारलेलं नाही. मागच्या पानावरचं उचलायचं, पुढे चिकटवायचं. एका ठिकाणी तर "पत्नीने दिलेल्या माहितीनुसार" असंही आहे! बाईला पत्नी? दुसऱ्याच कोणाचं पान हिला डकवलंय आणि ते आजवर कोणी वाचलेलं नाही. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

जेवण गेलं नाही.

६ मार्च, गुरुवार

यकृताच्या डॉक्टरीणबाईंकडे वर जाऊन आले. म्हणाल्या, "ही केस दारूची नाहीच. तिचं शरीरच तिच्या यकृताच्या जिवावर उठलंय. तपासणीत स्वच्छ दिसतंय." मी वासाचं विचारलं, कारण दोन नोंदींत तोंडाला वास असल्याचं लिहिलंय. "यकृत बिघडलं की श्वासाला तसा गोडसर वास येतो. ज्याला फरक कळत नाही तो दारू म्हणून मोकळा होतो."

मग तसं लिहून द्या ना, म्हटलं. "आजचं मी लिहीन. अकरा वर्षांपूर्वीचं कसं खोडू?"

आमच्या साहेबांनी तर हातच झटकले. पहिला कोड ज्याने लावला त्याची लेखी कबुली हवी, तरच समिती नोंद रद्द धरते. आणि समिती बसणार येत्या मंगळवारी. "त्या वेळची निम्मी माणसं नोकरी सोडून गेली," म्हणाले. "कशाला उकरत बसता? आपले हात तरी स्वच्छ आहेत ना?"

त्यांच्याकडे बघवेना.

७ मार्च, शुक्रवार

तेव्हा कोडिंगला आम्ही सहा जण होतो. माझा संशय त्यातल्या नखं रंगवणारीवर. फायलींपेक्षा तिचं लक्ष नखांवर जास्त. डॉक्टरांनी नुसती शंका लिहिली असणार आणि हिने दिला ठोकून कोड. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर "शंका" म्हणाले तर तो आजार धरायचाच नाही, फक्त लक्षणं नोंदवायची. शंकेला कोड नसतो! नव्या पोरींना हे मी पहिल्याच दिवशी घोटून घेते.

८ मार्च, शनिवार

मुलगी पुन्हा आली. आज रागावलेली नव्हती, ते जास्त वाईट.

"मीसुद्धा त्या कागदावरच विश्वास ठेवला, ताई. चार वर्षं तिच्या उशीखाली बाटली शोधत होते. कपाटाची किल्ली तीच माझ्या हातात ठेवायची. बघ म्हणायची, नीट बघ. आणि मी बघायचे."

मीही बाबांची उशी उचलायचे. मला मात्र दर वेळी सापडायची.

घरी येऊन दोनदा साबण लावून हात धुतले. कोण बाई असेल ती, जिने एका आकड्याने एका घराची अशी माती केली? सुखाने जेवत असेल कुठेतरी.

१० मार्च, सोमवार

तळघरात जुन्या कागदांचे गठ्ठे सांभाळणारे मामा आहेत. त्यांना गाठलं. संगणकात फक्त कोड आला, लावणाऱ्याचं नाव आलं नाही. पण मूळ चिठ्ठीवर तांबड्या पेन्सिलीने कोड आणि त्याखाली सही असायची.

"मिळेल," मामा म्हणाले. "पण गठ्ठा वरच्या फळीवर आहे आणि माझे गुडघे खाली. उद्या सकाळी या, तुम्हीच चढा."

उद्या सापडू दे नाव. फोनवर अशी सोलते बाईला की नखं रंगवायची विसरेल.

११ मार्च, मंगळवार

चिठ्ठी मिळाली. डॉक्टरांचं अक्षर: "डोळे पिवळे, हात थरथरतात, तोंडाला वास. दारूची शंका." खाली तांबड्या पेन्सिलीने एफ-दहा, इतकं दाबून लिहिलेलं की कागद फाटलाय. तारीख बाबा गेल्यानंतर मी कामावर परतले त्या दिवसाची.

सही माझी.

समिती तीन वाजता बसते. कबुली लिहून झाली, साक्षीदार म्हणून मामांनी सही केली. मुलगी बाहेर बाकावर बसली आहे. वर नेण्याआधी कबुली तिला वाचून दाखवायची आहे.