लॉग न वाचता

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

मी सांभाळतो तो माती तपासणीच्या प्रयोगशाळेतला प्रोग्राम आज पुन्हा सुरू झाला. गेल्या आठवड्यात तो बंद पडला, तेव्हा मी सगळ्यांसमोर ऑपरेटर लता अक्कांना म्हणालो, "तुमच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला." तेव्हापासून त्या पेन ड्राइव्ह आणत नाहीत, अहवाल हाताने उतरवतात.

आज लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतः ठेवलेली बिघाडांची नोंद, वाचला. तेव्हा उघडलाच नव्हता. प्रोग्रामला लागणाऱ्या दोन लायब्ररी फाइल्स मेमरीतला एकच पत्ता मागत होत्या. प्रोग्राम नवी प्रोसेस, म्हणजे स्वतःचीच आणखी एक चालती प्रत, उभी करायला गेला की ती जागा आधीच भरलेली, म्हणून ती प्रोसेस तिथेच बंद पडायची. त्यातली एक फाइल मीच टाकलेली. पेन ड्राइव्हचा काही संबंधच नव्हता. दोन्ही फाइल्सना वेगळे पत्ते दिले आणि काम झालं.

अक्कांना बाजूला बोलावून सांगितलं, "चूक माझी होती."

त्या म्हणाल्या, "भाऊ, हाई बठ्ठास्ना समोर सांगशात का?"

मी म्हणालो, "सगळ्यांसमोर? बघू."

त्या "बरं" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. बघू काय? आरोप करताना मी कुठे थांबलो होतो?