तीस दिवसांची डबी

३ नोव्हेंबर, सोमवार
फ्रीज साफ केला. दह्याच्या पातेल्यामागून ती मलमाची डबी पुन्हा निघाली! मामंजींनी स्वतः खलून बनवलेली. सोयगावच्या दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर. निवृत्तीनंतरही सासूबाईंच्या गुडघ्यासाठी घरी खल घेऊन बसायचे. डबीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांचं वळणदार अक्षर – 'फ्रीजमध्ये ठेवणे. तीस दिवसांत संपवणे.' तारीख दोन वर्षांपूर्वीची. त्याच महिन्यात ते गेले.

अन् सासूबाई अजून रोज लावतात! गुडघ्याला, डास चावला तर, परवा तर दाराच्या करकरणाऱ्या कडीलासुद्धा. एवढं लावूनही संपत कसं नाही, देव जाणे.

५ नोव्हेंबर
औरंगपुऱ्यातल्या मेडिकलवाल्याला विचारलं. "मॅडम, हातानं बनवलेलं मलम कंपनीच्या ट्यूबसारखं टिकत नाय. तीस दिवस लिहिलंय ना? फेका."
ऋतुराजला सांगितलं. "आईला तूच सांग," म्हणे. बहाद्दर!

८ नोव्हेंबर
सत्यम सायकलवरून पडला. मी कापूस शोधेपर्यंत सासूबाईंनी त्याच्या ढोपराला ते मलम फासलं! मी किंचाळले. त्या शांत – "काय होत नाय त्याला." लेकराचा पाय पिकला म्हणजे? रात्री तीनदा उठून बघितला.

११ नोव्हेंबर
ढोपर बरं झालं. आता तर बोलायचीच सोय राहिली नाही!

१५ नोव्हेंबर
सासूबाई लग्नाला सिल्लोडला. सकाळी घंटागाडी आली – दिली टाकून! त्या जागी अगदी तशीच नवी डबी, नवं मलम. चष्म्याशिवाय त्यांना कळणार नाही. आज पोटभर जेवले.

१६ नोव्हेंबर
कळलं. झाकण उघडून वास घेतला, बस्स. मी तारीख, मुदत, सगळं भाषण देऊन मोकळी झाले.

"अगं, मलम तर मी तिसाव्या दिवशीच फेकलं. ते तीस म्हणले म्हंजे तीस! एकतिसाव्या दिवशी कुणी लावलं तर किती वरडायचे. डबीत खोबरेल अन् कापूर हाय. संपलं की भरते."

घंटागाडीवाल्याला दोनदा फोन केला. कालचा कचरा कालच गेला, म्हणाला.

सासूबाई रागावल्या नाहीत. कोरी डबी बोटानं पुसत बसल्या. "चिठ्ठी तेवढी काढून ठेवायची व्हती गं."