आईच्या नावाचे अकरा अर्ज

दिनांक १४, मंगळवार दुपार

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा खोकला गेला. समोरच्या शिंप्याने दुकान वाढवलंय, दिवसभर मशीनची कटकट. पोचल्याचं कळवलं नाहीस, पण ते तुझं नेहमीचंच.

पुढच्या आठवड्यात आपल्या पैसे पाठवायच्या दुकानाची तपासणी आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचा अर्ज, ओळखपत्राची प्रत, पैसे पाठवण्याचं कारण, सगळं पाच वर्षं जपावं लागतं, म्हणून मी कपाट उपसलं. जाताना तू म्हणालास, "ताई, निळ्या फायलीला हात लावू नकोस." असं कुणी म्हटलं की माझे हात शिवशिवतात, हे तू विसरलास वाटतं.

त्यात आईच्या नावाचे अकरा अर्ज निघाले. सगळे याच वर्षीचे. कारण: औषधोपचार. पैसे घेणारा दर वेळी वेगळा. खाली आईची सही, अगदी वळणदार. अरे, अर्धांगवायूने तिचा उजवा हात जाऊन दोन वर्षं झाली! बँकेत ती अंगठा लावते. एवढंही सुचलं नाही तुला? आणि शेजारी 'तपासलं' म्हणून माझी छोटी सही. ती मात्र खरी. तू कागद पुढे सरकवलेस, मी न वाचता सह्या ठोकल्या. गाढव मीच.

कुणाचे पैसे होते ते? तो टोपीवाला दुकानात येऊन नुसता बसून राहायचा, त्याचे? "मित्र आहे गं," म्हणायचास. तो आला की तुझा चेहरा पडायचा, ते मला दिसत नव्हतं होय?

एक अर्ज आईला दाखवला. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिला.

"माझीच सही आहे."

"आई, कुठल्या हाताने केलीस?"

"माझीच म्हटलं ना! कुणीही विचारलं तरी हेच सांगीन."

मग तू नीट जेवतोस का, ते विचारत बसली. मला रडूच कोसळलं. तुझ्यापायी ती या वयात चौकीत जाऊन बसेल रे. ते मी होऊ देणार नाही.

परवान्याच्या परीक्षेला तूच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतंस: संशयास्पद व्यवहार वर सरकारला कळवला, तर ज्याच्याबद्दल कळवला त्याला ते सांगायचं नाही. सांगणं हाही गुन्हाच. म्हणून या अर्जांचं मी काय केलं, ते मला विचारू नकोस. मला उत्तर देता येणार नाही.

आई तुझ्यासाठी चौकीत खोटं बोलायच्या आत घरी ये.

विश्वास उडालेली, तरी तुझीच,
ताई