जीभ रजेवर

४ नोव्हेंबर

सतरावा दिवस. अजून काही नाही! सर्दी गेली, खोकला गेला, आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेले. वाससुद्धा. आज सकाळी साबण हुंगला, मग बूट हुंगला — दोन्ही सारखेच. कुणाला सांगायची सोय नाही. सुतार सांगू शकतो की बाबांनो, हात दुखतोय. पण चहाच्या कंपनीत तीस वर्षं नुसत्या जिभेवर पोट भरणाऱ्या माणसाने काय सांगायचं? की जीभ रजेवर गेली आहे, कळवून गेली नाही?

६ नोव्हेंबर

ऑफिसात साठ कप चाखले. म्हणजे तसं नाटक केलं. चमचाभर चहा सुर्रर्र करून ओढायचा, टाळूला फवारा लागला पाहिजे, मग पिकदाणीत पचकन थुंकायचं — एवढं तोंडाला पाठ आहे. पुढचा निकाल मी शेजारच्या सहकाऱ्याच्या भुवया बघून देतो. आज त्याच्या भुवया एकदम वर गेल्या. मी म्हटलं, "अप्रतिम! पहिला नंबर!" त्याला शिंक येत होती.

तो माल आता पहिल्या नंबरात आहे.

७ नोव्हेंबर

आज लेकीने स्वतः चहा केला. कधी नव्हे ते! कप हातात दिला आणि समोर बसली ती मी पिऊन संपवेपर्यंत हलली नाही. "कसा झालाय?" "झकास!" म्हटलं. "अजून देऊ?" अर्धा कप अजून घेतला. पोरीचा चेहरा काय खुलला! बरं वाटलं. खोटं बोलून का होईना.

आणि दुपारी तिचा हुकूम आला — शुक्रवारी सगळ्यांनी जेवायला जायचं. कुठे, तर त्या फ्रेंच-चिनी हॉटेलात, जिथे तिचा तो मुख्य आचारी आहे. मी त्याला टोपीवाला म्हणतो. त्याची टोपी त्याच्या आधी दारातून आत येते. दोन वर्षं चाललंय दोघांचं. दोन वर्षं मी म्हणतोय, चाखू दे की त्याच्या हातचं. दोन वर्षं लेकच टाळत होती — "अजून नको, बाबा. तो तयार नाही." आणि आता अचानक तीन दिवसांत!

मेलो! कारण मी एकदा तोंडातून काढलेलं वाक्य या घरात दगडावर कोरल्यासारखं आहे — ज्याच्या हाताला चव नाही त्याच्या हाती मुलगी देणार नाही. मागे लेकीला मागणी घालायला एक दातांचा डॉक्टर आला होता. त्याने केलेल्या चहाचा एक घोट घेतला आणि उठलो. लेक आठवडाभर बोलली नव्हती. कायद्याने तिला माझी परवानगी लागत नाही, चांगली एकोणतीस वर्षांची आहे. पण तिला माझा 'हो' हवा असतो. आणि तो 'हो' माझ्या जिभेवर राहतो, जी घरी नाही.

९ नोव्हेंबर

आरशासमोर 'आवडलं' असा चेहरा करून बघितला. आमची ही मागून म्हणाली, "अहो, दाढ दुखतेय का?"

१० नोव्हेंबर

आत्ताच आलो. सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

हॉटेल म्हणजे काय — भिंती काळ्या, दिवे बारीक, आणि वेटर असा दबक्या आवाजात बोलतो जणू आत कुणी आजारी आहे. टेबलावर प्रत्येकाला एक काटा आणि एकच चिनी काडी. "फ्रान्स डाव्या हातात, चीन उजव्या हातात," वेटर म्हणाला. हिने विचारलं, "आणि चमचा?" तो दुःखी झाला.

पहिला पदार्थ: रिकामा वाडगा, वर काचेची घुमटी. घुमटी उचलली, थोडी वाफ निघाली, संपलं. "ही सुपाची आठवण आहे," वेटर म्हणाला. ही वाकून वाडग्यात बघत राहिली. दुसरा पदार्थ: एकच नूडल. एकच! टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लोण्यात न्हालेलं, आणि सोबत कात्री. फीत कापायला बोलावल्यासारखं मी उभा राहून कापलं. शेजारच्या टेबलावर टाळ्या वाजल्या.

आणि चव? शून्य. दोरी खाल्ली असती तरी तेच. मी हिच्याकडे बघायचो, तिला कसं लागतंय ते कळावं म्हणून — तर ती माझ्याकडे बघत बसलेली! लेकही माझ्याकडे. स्वयंपाकघराच्या दारातल्या गोल काचेतून टोपीसुद्धा माझ्याकडे. चौघांत एक चेहरा, आणि तो कोरा!

मग खरं सूप आलं. गरम. नशिबाने हिला एक चमचा दिला होता, तो मी ओढून घेतला. आणि तिथे घात झाला. हातात चमचा, चमच्यात गरम पातळ काहीतरी — तीस वर्षांची सवय! मी सुर्रर्र करून असं ओढलं की दिवे हलले असतील. थांबायला हवं होतं. पण तोंड थांबतंय कुठे? बाजूला बर्फाची चांदीची बादली होती, तिच्यात पचकन थुंकलो.

लेकीने डोळे मिटले. वेटर आत पळाला. माझं धाबं दणाणलं — गेलं, पोरीचं लग्न त्या बादलीत गेलं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आवाज आला — सुर्रर्र! सोनेरी चष्म्याचे एक जाडजूड गृहस्थ. इकडेतिकडे बघून त्यांनी फुलदाणीत थुंकलं आणि बायकोला समजावलं, "असंच असतं हे." बायकोने केलं. पलीकडच्या टेबलाने केलं. पाचव्या पदार्थापर्यंत अख्खा हॉल सुर्रर्र-पचक करत होता, मोत्यांच्या माळा घातलेल्या बायकासुद्धा, आणि वेटर धावत धावत प्रत्येकासमोर बादल्या ठेवत होते.

टोपीवाला बाहेर आला. डोळ्यांत पाणी! "काका," म्हणाला, "सहा वर्षं लोक इथे नुसते खातायत. चाखलं फक्त तुम्ही." आणि माझ्यासमोर हात जोडून उभा. "कसं होतं?"

मी चहाच्या भाषेत ठोकून दिलं: "अंगाने भरलेलं आहे. धार आहे. शेवट स्वच्छ."

"म्हणजे?" लेक म्हणाली.

"म्हणजे हो," म्हटलं.

ती तिथेच रडली. मलाही भरून आलं, आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

११ नोव्हेंबर

झोप नाही. मी पोरीच्या आयुष्याचा निकाल भुवया बघूनसुद्धा दिला नाही, नुसता हवेत दिला. हिला विचारलं, तुला कसं वाटलं जेवण? म्हणाली, "तुमचा चेहरा बघून खाल्लं मी. तुम्ही म्हणालात म्हणजे चांगलंच असणार." घ्या!

१३ नोव्हेंबर

लेकीला खरं सांगायला गेलो. "बाळ, माझ्या जिभेचं —" "बाबा, तुमची जीभ म्हणजे काय विचारता!" गळ्यात पडली आणि पळाली.

१४ नोव्हेंबर

परत गेलो. "बाळ, त्या दिवशी —" तिला फोन आला. तो वाजल्याचं मी ऐकलं नाही.

२० नोव्हेंबर

हॉटेलात आता प्रत्येक टेबलाला कायमची चांदीची पिकदाणी. मेनूवर छापलंय — 'चाखा. गिळण्याची सक्ती नाही.' टेबलासाठी पाच महिन्यांची रांग लागलीय म्हणे. सहकाऱ्याने विचारलं, "ते तुम्हीच का?" मी म्हटलं, कुणी दुसरा असेल.

२६ नोव्हेंबर

आली! जीभ परत आली! सकाळी दात घासताना पेस्ट झोंबली आणि मी न्हाणीघरात अक्षरशः नाचलो. कुणाला सांगितलं नाही, कारण गेली होती हेच कुणाला माहीत नाही.

दुपारी टोपीवाला घरी आला. मुद्दाम माझ्यासाठी बदक घेऊन, लोण्यात शिजवलेलं, वर सोया सॉसचा फेस. मी पहिला घास घेतला.

देवा रे देवा! एवढं वाईट मी आयुष्यात काही खाल्लं नाही. ओलं पायपुसणं गोड करून वाढल्यासारखं! आता कळलं गिळण्याची सक्ती का नको ते. डोळ्यांतून पाणी आलं, तर तो खूश — "काका, तुम्हाला भरून आलं!" ही शांतपणे खात होती. लेक शांतपणे खात होती. जेवण झाल्यावर त्याने न सांगता सगळ्यांची भांडी घासली, ओटा पुसला, लेकीचा चष्मा तिच्या नाकावरून अलगद काढला आणि पुसून परत ठेवला.

तरीही. मी जो 'हो' दिला तो खोटा होता. उद्या सगळं सांगून टाकणार — जीभ गेल्याचं, नाटकाचं, बदकाचं. मग जे व्हायचं ते होऊ दे.

२७ नोव्हेंबर

सांगितलं. लेक ऐकून घेत होती, मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही दीड कप प्यायलात ना, त्या चहात साखर नव्हती. मीठ होतं. दोन वर्षं मी तुमच्या सर्दीची वाट बघत होते. त्याला स्वयंपाक येत नाही हे काय मला माहीत नाही? बाकी सगळं येतं."

मी विचारलं, "आणि तुझ्या आईला यातलं काही —?"

"मीठ आईनेच घातलं."

रात्री उरलेलं बदक होतं. दोनदा वाढून घेतलं.